पुलाखालची मोजणी

अंतिम शर्यत साडेचारला. दोनच्या सुमाराला कमल आंबी क्लबाच्या पत्र्याच्या शेडमध्ये चटईवर आडवी होते. बाहेर तिच्या तिघी जोडीदारणी जुन्या होडीला मेण चोळतायत. त्यांचे शब्द हळूहळू विरतात, नुसता आवाज उरतो.

समोर दिलशाद बसलेली आहे. दिलशाद मुजावर, श्रावणात तापानं तीन दिवसांत गेली ती. सुकाणू धरून वल्ह्यांची मोजणी तीच करायची. वल्हवणाऱ्या चौघी वाटेला पाठमोऱ्या. पुढची वाट फक्त तिलाच दिसायची.

होडी चाललीय, पण खाली कृष्णा नाही. चौघी रोज हळद निवडतात ते गोदाम आहे. दोन्ही अंगांनी पोत्यांच्या थप्प्या सरकतायत. हमाल बाजूला होऊन वाट देतात. कुणाला नवल वाटत नाही, कमललाही नाही.

"सारखी मान का वळवतीस?" दिलशाद विचारते. "तुझं वल्हं चुकतं, मग सगळ्यांचंच चुकतं."

"तुझ्या जागी बसलेली तनुजा नवी हाय. तिला खांब दिसत्यात का न्हाई, कुणाला ठावं?"

"मला तरी कुठं दिसलं होतं?"

थप्प्यांचे खांब होतात. वर पूल. गेल्या सालची शर्यत, शहरातल्या फायबरच्या होड्या मागं टाकून या दुसऱ्या आल्या होत्या ती.

"ऊन डोळ्यावर आलतं," दिलशाद सांगते. "काय दिसंना. अंदाजानं मोजत ऱ्हायले."

"आन् आम्ही?"

"तुम्ही ओढत होता. एकीनं जरी वळून बघितलं असतं, तर माझा धीर सुटला असता. होडी खांबावर गेली असती."

कमलला राग यायला हवा. येत नाही.

"कधी बोलली न्हाईस."

"तू कधी इचारलं न्हाईस."

आता खाली पाणी आहे. दिलशाद त्यात हात बुडवते आणि कमलच्या गुडघ्यावर टेकवते. हात गार आहे.

"कमलताई, उठा. होडी पाण्यात घालायचीय."

दारात तनुजा उभी आहे. आत येत नाही, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळतेय.

"ताई, पुलाखाली मला काय दिसलंच न्हाई तर?"

"तरी मोजत ऱ्हा," कमल म्हणते. "मी मागं बघणार न्हाई."

ती उठायला गुडघा दुमडते. करड्या पँटवर पाच बोटं ओली उमटली आहेत.