रुक्माजीने बाजूला ठेवलेली पिशवी

रुक्माजी तलावावर आला की आधी पाणी चाखायचा. गुडघाभर पाण्यात उतरून ओंजळ भरायचा, तोंडात घोळवायचा आणि पचकन थुंकून निकाल सांगायचा. "आज पानी जड हाय, मासा तळाले गेला." नाहीतर, "गोड लागून राह्यलं, काठाले येते आज." मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा साखरखेर्ड्याजवळच्या त्या गावात शाळेवर नुकताच बदलून आलो होतो. विज्ञान शिकवणारा माणूस मी. म्हटलं, "रुक्माजी, चवीवरून मासा कसा कळेल?" तो थांबला नाही. चालता चालताच म्हणाला, "मासा शाळेत नाही गेला ना गुर्जी, म्हनून त्याले चवीवरच भागवा लागते."

तो कधी थांबायचाच नाही. बाकीचे भोई जाळं टाकून विडी ओढत बसत, हा तलावाला फेऱ्या घाली. सांडव्यापासून नाल्याच्या तोंडापर्यंत आणि तिथून परत. बायको दुपारी भाकर घेऊन यायची, तीही बिचारी कालवणाचा डबा हातात धरून मागे मागे चालायची. कुणी म्हणालं, "बस ना बे घडीभर," तर उत्तर ठरलेलं होतं. "एका जाग्यावर बसते तो धोंडा. देवानं पाय कायले देल्ले मंग?"

तलाव लहानच. मे महिन्यात म्हशी मधून चालत पलीकडे जातील एवढा. पण रुक्माजीला तो बारा महिने पुरायचा. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की अंड्यावर आलेला मासा धारेविरुद्ध वर चढतो. तेव्हा तो टोपलीनेही धरता येतो. त्या आठ दिवसांत रुक्माजी काठी घेऊन नाल्याच्या तोंडावर फिरायचा आणि टोपल्या घेऊन आलेल्यांना हाकलायचा. "बाळंतिनीले मारता का रे बह्याडांनो!" थंडीत ऊन चढेपर्यंत जाळ्याला हात लावू द्यायचा नाही. मासा तेव्हा सुस्त असतो आणि झोपलेल्याला धरणं त्याला मर्दपणाचं वाटत नसे. उन्हाळ्यात पाणी आटायचं, आणि पहाटे मासे वर तोंड काढून धापा टाकू लागले की तो लांब बांबू घेऊन पाणी झोडपत सुटायचा. त्याने पाण्यात हवा मिसळते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्याच्या हातांना ते आधीपासून ठाऊक होतं. एका वैशाखात मीही त्याच्या शेजारी उभा राहून पाणी झोडपलं. दहा मिनिटांत माझे खांदे भरून आले. तो हसला. "गुर्जी, पोट्ट्याहिले झोडपता तवा नाही थकत?"

भोयांच्या मच्छीमार संस्थेत लिहितं-वाचतं माणूस नव्हतं. अर्ज, ठराव, सभेचं वृत्त, सगळं मी लिहून द्यायचो. संस्थेचा सभासद नव्हतो, पण अध्यक्ष नामदेवचं माझ्याशिवाय पान हलत नसे. तो मान मला आवडत होता, हे आधीच सांगून टाकतो.

दरवर्षी तलावात माशांची पिल्लं सोडत. बोटाएवढी असतात, म्हणून त्यांना बोटुकली म्हणतात. पाणी आणि हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून ती येतात. रुक्माजीची रीत अशी की पिशव्या अर्धा तास तलावात तरंगत ठेवायच्या, म्हणजे आतलं-बाहेरचं पाणी सारखं होतं. मग प्रत्येक पिशवीतली ओंजळभर पिल्लं पांढऱ्या ताटलीत घेऊन, उन्हात धरून पाहायची. त्याने पाहिल्याशिवाय पिशवी सुटत नसे.

त्या वर्षी नेहमीची बोटुकली वेळेवर आली नाहीत. मी पुढाकार घेतला. ओळखीच्या ओळखीतून एका टेम्पोवाल्याकडून कतला माशाच्या पिल्लांच्या नऊ पिशव्या मागवल्या. सोडायला तालुक्याचे पाहुणे बोलावले, मांडव टाकला, नारळ आणला. भाषण मीच लिहिलं होतं आणि करणारही मीच होतो. रुक्माजी ताटली घेऊन पाण्यात उभा. आठ पिशव्या झाल्या. नववी पाहिली आणि त्याने तिचं तोंड परत बांधलं.

"ही ठेवा बाजूले, गुर्जी. मांगूर हाय याच्यात."

आफ्रिकेतला तो मांगूर तलावात पडला की बाकी काही उरू देत नाही. त्याच्यावर सरकारची बंदी आहे. मला हे माहीत होतं.

"मरळीची पिल्लं असतील," मी म्हणालो.

"मरळीले मिशा कवापासून आल्या? पाहा न." त्याने ताटली माझ्यापुढे धरली. काळपट, मिशाळ चार-पाच पिल्लं सापासारखी वळवळत होती. "घरून घमेलं आनतो. एकेक वेचून काढतो. तवरक कोनी हात लावू नका."

तो गेला. पाहुणे घड्याळ पाहू लागले. नामदेव मांडवातून ओरडला, "गुर्जी, आटपा ना! साहेबाले दुसरीकडं जायाचं हाय." सगळे मांडवात होते, पाण्याजवळ मी एकटा. पिशवीत जास्तीत जास्त वीस-पंचवीस मांगूर असतील, एवढ्या पाण्यात त्यांचं काय होणार, असं मी स्वतःला सांगितलं. दोरा तोडला आणि पिशवी तलावात उपडी केली.

रुक्माजी घमेलं घेऊन धापा टाकत आला. रिकामी पिशवी माझ्या हातात होती.

"सोडली?"

"सोडली."

त्याने घमेलं काठावर ठेवलं. माझं भाषण चालू असताना मला तो सांडव्यावर दिसला. फेऱ्या घालत होता, नेहमीपेक्षा वेगाने.

दोन पावसाळ्यांत तलाव बसला. कतला नाही, रोहू नाही, झिंगेसुद्धा नाहीत. जाळ्यात येत ते हाताएवढे काळे मांगूर, बंदीमुळे विकताही न येणारे. बारा घरांची चूल त्या पाण्यावर पेटत होती. मांगूर कुणी आणला, हे विचारायला सभा भरली. मी मागवलेल्या पिशव्यांवर कुणाचा संशय नव्हता, त्या रुक्माजीच्या नजरेखालून गेल्या होत्या. रुक्माजीचा मेहुणा जळगाव जामोदकडे शेततळ्यात चोरून मांगूर पाळतो, असं कुणीतरी बोललं आणि सगळ्यांच्या नजरा वळल्या.

"सोयऱ्याकडून आनले का बे तू?" नामदेवने विचारलं.

रुक्माजी तेव्हाही उभाच होता. "म्या कायले आनू? मी तं ती पिशवी बाजूले ठेवली होती. गुर्जीले इचारा."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. रुक्माजीही पाहत होता, अगदी निर्धास्तपणे. मी खरं बोलेन याची त्याला खात्री होती. माझ्या निवृत्तीला चार महिने राहिले होते. बंदी असलेला मासा, त्याची चौकशी, शाळेतली नोकरी, सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं.

"अशी काही पिशवी मला आठवत नाही," मी म्हणालो.

 तो म्हणाला, "बरं," आणि चपला घातल्या. रुक्माजीने तलावावर पाऊल ठेवू नये, असा ठराव झाला. तो मी लिहिला. माझं अक्षर चांगलं होतं.

तो बायको-मुलाला घेऊन मलकापूरला गेला आणि कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागला. मी निवृत्त झालो, पण मला घरात बसवेना. सकाळ-संध्याकाळ रस्त्याने चालत राहायचो. तलावाकडे मात्र पाय वळत नसत.

काही वर्षांनी एका लग्नासाठी मलकापूरला गेलो, तेव्हा जिनिंगच्या फाटकाशी तो भेटला. भुवयांवर, मिशीवर कापसाची तूस. खोकत होता. मी समोर आलो तर तोंड फिरवलं नाही. "गुर्जी, बरे हाय ना?" एवढं म्हणून लगेच विचारलं, "वैशाखात पानी झोडपते का कोनी?"

कुणी झोडपत नव्हतं. त्या तलावात धाप लागेल असा मासाच उरला नव्हता. मांगूर चिखलातही जगतो.

"झोडपतात," मी म्हणालो.

"मंग ठीक," तो म्हणाला. भोंगा झाला आणि तो आत गेला. बोलायला मला पाच मिनिटं मिळाली होती. तीही मी वाया घालवली.

गेल्या वर्षी तो वारल्याचं कळलं. पंधराव्या दिवशी मी मलकापूरला गेलो. त्याचा मुलगा सुधाकर हायवेवर टायरचं दुकान चालवतो. त्याने स्टूल दिलं, चहा मागवला. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. पिशवी, दोरा, सभा, ठराव. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहत होता. माझं बोलणं संपल्यावर त्याने मान वर केली.

"हे मले काऊन सांगून राह्यले, गुर्जी? मले माहीत हाय. मायले बी माहीत होतं. बापूनं त्याच दिवशी घरी सांगतलं."

"मग तो तिथे भांडला का नाही?"

"भांडला असता तं कोनी आयकलं असतं? तुमी मास्तर, तो भोई." त्याने ट्यूब बाहेर काढली. "ज्याहिले माहीत नाही त्याहिले सांगा. आमच्यापाशी येऊन रडू नका."

मी चहा न पिताच निघालो. पण त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि ते पाळायला मला आणखी एक वर्ष लागलं. आमच्या गावात हे वाचलं जाईल. नामदेव अजून आहे, वृत्ताची वहीही असेल. तिच्यातला तो ठराव माझ्या अक्षरात आहे आणि खोटा आहे. तलावात मांगूर मी सोडला, जाणून सोडला. रुक्माजीने मला थांबवलं होतं.