गुरुजींनी लपवलं नव्हतं

सर्जनने खोलीतला दिवा घालवला, पडदा ओढला आणि छोटा टॉर्च गुरुजींच्या सुजेला टेकवला. मी शेजारी उभा होतो. उजेड पलीकडे आला नाही.

याचा अर्थ सांगतो. वृषणाभोवती पाणी साठलं की त्याला हायड्रोसिल म्हणतात. उतारवयात ते पुष्कळांना होतं आणि सहसा त्याने फार बिघडत नाही. आत पाणी असेल तर टॉर्चचा उजेड आरपार जातो, सूज लालसर उजळते. घट्ट गाठ असेल तर अंधार. मिनिटभराचं काम. टॉर्च माझ्याही टेबलाच्या खणात होता.

"कधीपासून आहे हे?" सर्जनने विचारलं.

"झाले की सहा-सात महिने," गुरुजी म्हणाले.

"मग इतके दिवस कुणाला दाखवलं का नाही?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी टॉर्चकडे पाहिलं.

मोरे गुरुजींनी मला चौथीपर्यंत शिकवलं. नव्वदच्या दशकात माझा दवाखाना पंचवटीत, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत होता. गुरुजी आले की मी खुर्चीतून उठायचो. बाकावरच्या पेशंटना त्याची गंमत वाटायची. तेव्हा ते सत्तरीला आले होते.

सूज दाखवायला पहिल्यांदा आले त्या दिवशी आत येऊन त्यांनी स्वतःच दार लोटलं. "उजवीकडचं अंड सुजलंय रे. दुखत नाही, पण दगडासारखं लागतं." आणि पायजम्याची नाडी सोडायला लागले.

"राहू द्या, गुरुजी, राहू द्या! पाणी असेल. वयोमानाने होतं."

"अरे, बघून तर घे. दुसरीत तुला जुलाब झाले तेव्हा शाळेच्या नळाखाली मीच धुतला होता तुला. मला लाज नाही, मग तुला कसली?"

पडद्यामागे कंपाउंडर फिसकन हसला. मीही हसलो. लंगोट घट्ट बांधा म्हटलं, गोळ्या लिहून दिल्या. गुरुजींनी नाडी पुन्हा बांधली. "बरं. डॉक्टर तू आहेस," म्हणाले.

पाणी दगडासारखं लागत नाही. हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही.

वृषणाचा कॅन्सर तरुणांना होतो, असं आम्ही शिकलो होतो. ते बरोबरच आहे. पण साठीनंतर तिथे लिम्फोमा होऊ शकतो, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, हेही त्याच पुस्तकात होतं. ते मी परीक्षेपुरतं वाचलं होतं.

पावसाळा संपल्यावर गुरुजी पुन्हा आले. वाढलंय म्हणाले. या वेळी त्यांनी नाडीला हात लावला नाही, माझी वाट पाहिली. मी म्हटलं, "दिवाळीनंतर पाणी काढून टाकू." शेवटी त्यांना सायकलवर बसता येईना, तेव्हा त्यांचा मुलगा अशोक त्यांना सर्जनकडे घेऊन गेला. सोबत यावं म्हणून मला त्यानेच बोलावलं.

तर, सर्जनचा प्रश्न तसाच होता.

"लाज वाटली," गुरुजी म्हणाले. "शिक्षक माणूस. कुणाला कसं दाखवणार?"

सर्जन माझ्याकडे वळला. "या पिढीचं हेच आहे, डॉक्टर."

"हो ना," मी म्हटलं.

बाहेर अशोक बिलाच्या खिडकीपाशी गेला तेव्हा मी विचारलं, "गुरुजी, असं का सांगितलंत?"

"तुला अजून दवाखाना चालवायचाय. मला कुठे आता शाळेत जायचंय?"

जांघेतून छेद घेऊन ते वृषण काढलं. रिपोर्ट लिम्फोमाचा आला. केमोथेरपी झाली, केस गेले. पुढच्या वर्षी गुरुजी गेले. आधी कळलं असतं तर वाचले असते का, असं मी सर्जनला विचारलं. "सांगता येत नाही," तो म्हणाला. हे वाक्य मी बरीच वर्षं पुरवून वापरलं.

शोकसभेत एक जण म्हणाला, गुरुजी भिडेपायी गेले. मी मान हलवली. नंतर आरोग्य शिबिरांत मी स्वतःच सांगू लागलो, की एका सुशिक्षित शिक्षकाने लाजेपायी आजार लपवला. लोकांना ते पटायचं. एकदा समोर अशोक बसला होता. शिबिर संपल्यावर म्हणाला, "अण्णांनी निदान मला तरी सांगायचं होतं. याचा राग जात नाही, डॉक्टर." तेव्हाही मी गप्प बसलो.

आता दवाखाना बंद आहे. हे छापायला देण्याआधी अशोकला घरी जाऊन वाचून दाखवलं.

"म्हणजे अण्णांनी वेळेवर दाखवलं होतं."

"दोनदा."

त्याने चहाचं विचारलं नाही. मी चप्पल घालून निघालो.

नव्या डॉक्टरांना एवढंच सांगतो. सूज आहे म्हटलं की कपडे काढायला लावा. पेशंट तुमचा गुरू असेल तर आधी उठून उभे राहा, वाकून नमस्कार करा आणि मग काढायला लावा.