परवान्यावरचं नाव

मावशी दिसायच्या आधी ऐकू यायची. काटोलच्या बसमधून उतरून धरमपेठेतल्या तिच्या गल्लीत वळलो की कोणाला तरी रागावणारा तो आवाज कानी पडे, आणि जिवाला बरं वाटे. कोर्टाच्या तारखांपायी मला वरचेवर नागपूर गाठावं लागायचं. नवरा गेल्यावर मावशीनं मागच्या खोल्या आमच्यासारख्यांना एक-दोन रात्रींसाठी भाड्यानं द्यायला सुरुवात केली होती. त्यावरच तिचं घर चाले आणि लेक कॉलेजात जाई.

परवाना मात्र नव्हता. म्हणून आम्हा सगळ्यांना तिची सक्त ताकीद, "कोनी इचारलं तं सांगजा, मावशी हाय आमची." आम्हीही इमानेइतबारे भाचे झालो. संत्र्याच्या बागेवाले बापूराव तर इतके मुरले होते की भाऊबीजेला तिच्या लेकीकडून ओवाळून घ्यायचे.

मग गल्लीतल्याच कोणीतरी तक्रार केली आणि नोटीस आली, परवाना घ्या नाहीतर खोल्या बंद करा. दुसरी असती तर हातपाय गाळून बसली असती. मावशीनं पदर खोचला. अर्ज दिला, भिंतींना चुना काढला, संडासाला नवं दार बसवलं. येता-जाता एकच घोष, "लायसन घेतल्याबिगर मी काही मरत नाही!"

तपासणीचे साहेब आले तेव्हा आम्ही ओसरीवर जेवत होतो. खोल्या, नळ, संडास, सगळं त्यांना पसंत पडलं. जाता जाता त्यांनी बापूरावांना सहज विचारलं, "इथं भाड्यानं उतरलात ना?"

"भाड्यानं? अजी, मावशी हाय आमची!" बापूराव म्हणाले, आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. वर्षानुवर्षांची सवय हो! सगळी तयारी केली, पण आम्हाला नवा पाठ द्यायचं मावशी साफ विसरली होती.

साहेबांनी कागद मिटले. "बाई, नातेवाइकांना ठेवायला परवाना कशाला? अर्ज निकाली काढतो. पुढं भाडेकरू सापडला तर मात्र कुलूप लागेल."

मावशीचा चेहरा पडला. "बापूराव, खरं सांग ना गा! भाडं देतं का नाही?"

बापूरावांना वाटलं, मावशी परीक्षा घेतेय. डोळा मिचकावून म्हणाले, "मावशीले कोनी भाडं देते का वं?"

मी तोंड उघडणार तोच ती कडाडली, "मोठा भाचा हायस ना तू? मंग सांग साहेबाले, माहं नाव काय?"

बापूरावांनी माझ्याकडे पाहिलं. मला तरी कुठं ठाऊक होतं! सगळ्यांच्या नजरा आपापल्या ताटात.

"पाहा साहेब! इतक्या दिवसाचे माह्या हातचं खाऊन राहिले, अन् नाव नाही मालूम. असे भाचे असतेत का हो कुठं?"

साहेबांना हसू आवरेना. चष्मा काढून डोळे पुसत त्यांनी कागद पुन्हा उघडले.

परवाना हाती आला त्या दिवशी मावशीनं गल्लीभर पेढे वाटले, तक्रार करणाऱ्याच्या घरी जरा जास्तच. आम्ही तिचं नाव पहिल्यांदा वाचलं: द्वारकाबाई गणपत डोंगरे. काचेच्या चौकटीत ते दारासमोर लागलं. "आता आम्ही गिऱ्हाईक झालो का वं?" बापूरावांनी हिरमुसून विचारलं. "लायसन साहेबासाठी हाय. तू हात धू अन् जेवाले बस." पण तेव्हापासून नवा असो की जुना, आधी नाव मोठ्यानं वाचायचं, मगच खोलीची किल्ली.

आमची शेवटची भेट झाली तेव्हा ती खाटेला खिळली होती. कारभार लेक पाही. नेमके त्याच दिवशी परवान्याच्या नूतनीकरणासाठी नवे साहेब आले. "आपण कोण?" त्यांनी मला विचारलं. जुनी खोड, निघून गेलं तोंडून, "भाचा."

आतून, त्या खाटेवरून, गल्लीत ऐकू जाईल असा आवाज आला, "नाव सांग गा, नाव!"

"द्वारकाबाई गणपत डोंगरे!" मी जोरात म्हणालो.

मावशी म्हणाली, "हा खराच भाचा हाय, साहेब. पन भाडं देते. लिहून घ्या."