तबक धरलेले हात

आकुर्डीच्या आमच्या विद्यापीठात जनसंपर्क विभागासाठी फोटोग्राफीची कार्यशाळा होती. प्रशिक्षकांनी आमचाच एक सत्काराचा फोटो पडद्यावर घेतला. मधोमध पाहुणे, आणि कडेला शाल-श्रीफळाचं तबक धरलेले नुसते दोन हात. "हे कापायचं," ते म्हणाले. कापल्यावर फोटो खरंच नेटका दिसला, म्हणून मला जास्तच राग आला.

ते हात आमच्या विभागातल्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या भाऊंचे होते. प्रत्येक कार्यक्रमात तबक त्यांच्याकडेच असायचं, त्यामुळे आमच्या सगळ्या फोटोंत ते मनगटापर्यंतच आहेत. त्यांच्या निरोप समारंभात मी ठरवून कॅमेरा त्यांच्यावरच धरला होता. कुलगुरूंनी शाल उचलली, आणि भाऊंनी सवयीने कडेला सरकून तबक स्वतःच्याच हातात घेतलं. त्या फोटोतही हातच आलेत.