दाजीकाका आणि त्यांचे लेपचे

दाजीकाका ताक वेळूच्या नळीने प्यायचे. मी हेदवीहून लग्न होऊन रत्नागिरीला त्यांच्या शेजारी आले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांच्या ओटीवर हा प्रकार पाहून मला हसू आवरेना. "हसतेस काय गो, सूनबाई? आमचे लेपचे असेच पितात," ते म्हणाले. तरुणपणी ते दार्जिलिंगकडे सिंकोनाच्या, म्हणजे क्विनाइनच्या झाडांच्या, मळ्यावर कंपाउंडर होते. तिथल्या डोंगरांतली लेपचा ही इवलीशी जमात, पण दाजीकाकांच्या बोलण्यात तिने अख्खी रत्नागिरी व्यापली होती. लेपचा घर खांबांवर उभारतो, लेपच्याला रानातल्या पाल्यापाल्याचे नाव ठाऊक, लेपचा पाहुण्याला आधी नाचणीचे पेय देतो. ते आंबवलेले असते, हे मात्र काका हळूच सांगत.

"लेपचा भांडत नाही," हे त्यांचे लाडके वाक्य. "भांडण माणसाचं नसतंच मुळी. भूत मधे शिरतं. मग गाव दोघांना समोरासमोर बसवतं, ते पेय पाजतं नि भुताला घालवून देतं. दोष कोणाचाच नाही." असे सांगणाऱ्या या गृहस्थांचा गडग्यापलीकडच्या सख्ख्या थोरल्या भावाशी नऊ वर्षे अबोला होता. शिमग्यात पालखीला पहिला खांदा कोणाचा, एवढ्यावरून दोघांत विस्तव जात नव्हता. "मग तुमचं भूत कधी घालवणार?" असे मी एकदा विचारले, तर चार दिवस माझ्याशीही अबोला.

पुढे त्या थोरल्या भावाने, अण्णांनी, अंथरूण धरले. डॉक्टरांनी मान हलवली, तसे दाजीकाका माझ्याकडे नाचणी मागायला आले. त्यांनी ती शिजवून मडक्यात आंबत घातली. वासाने आळी नाक धरून फिरू लागली. विधीला गाव हवे, आणि गावात दुसरे कोणी तयार होईना, म्हणून गाव म्हणून मीच गेले.

अण्णांनी नळी तोंडाला लावली, तोंड वाकडे केले.

"अण्णा, चूक तुझी नव्हती, माझीही नव्हती. भूत होतं ते. आता गेलं."

अण्णांनी नळी बाजूला सारली. मग म्हणाले, "गेलं ते बरं झालं हो. पण जाताना नऊ वर्षं घेऊन गेलं मेलं. ती कुठून आणायची?"

दाजीकाका अण्णांचे पाय चेपत बसले. अण्णा त्यानंतर सतरा दिवस जगले. दाजीकाका तेवढे दिवस स्वतःच्या घरी गेले नाहीत.