दर सोमवारी एक खडा

आमची जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतच. पुढं शिकायचं तर एसटीनं सुलतानपूरला जावं लागतं. चौथीतल्या एका मुलीचा बाप भाजीपाला पिकवायचा. त्यानं मला शाळेच्या फाटकातच सांगितलं होतं, "मॅडम, शायेत काय शिकते ते तिनं मले डोयानं दाखवावं. मंग बसवतो एसटीत." मुलगी शेजारीच उभी होती.

दाखवायला तिच्याकडं होतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी पटांगणात कमरेएवढी सळई रोवली होती. दर सोमवारी दुपारी बाराला सावलीच्या टोकावर एक खडा ठेवायचा. हे काम तिनं मागून घेतलं. सावली आठवड्या-आठवड्यानं लांबत गेली. डिसेंबरात खडे इतके जवळ पडू लागले की एकमेकांना टेकले. मग एका सोमवारी खडा अलीकडं पडला. ती पळत वर्गात आली, "मॅडम, फिरली!" सूर्य उत्तरेकडं कसा सरकतो हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवलं. असं ओरडत कोणी आलं नव्हतं.

वहीत मात्र मी काही लिहू दिलं नाही. मुलांनी हातानं करावं, कागद काळे करू नयेत, असं प्रशिक्षणात ऐकलं होतं आणि मला ते पटलं होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी एका शनिवारी पालकांना हे पाहायला बोलावलं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप टाकला आणि सवयीनं शेवटी लिहिलं, "पटांगण स्वच्छ असावे." कोणी येणार असलं की आम्ही हेच लिहितो.

शनिवारी मी पोचले तेव्हा बायका हात धूत होत्या. सगळं पटांगण शेणानं सारवलेलं. मधोमध रांगोळीचं मोठं कमळ. सळई उपटून भिंतीला टेकवलेली.

"पाहा मॅडम, कसं चकाचक केलं!" मुलीची आई म्हणाली. सकाळपासून तीच पुढं होती.

"आई, माहे खडे?"

"कोणते वं? ते? फेकले. लेकरायच्या पायात टोचले असते."

तेवढ्यात बाप आला. वांग्यांची तोडणी अर्धी टाकून आला होता. "हं, दाखव."

तिनं कमळाकडं बोट केलं. "इथं होतं."

"हे तं तुह्या मायनं काढलं."

माणसं हसली. एक जण म्हणाला, "पोरीपेक्षा मायच हुशार निंगाली बे!"

मुलगी भिंतीला टेकवलेल्या सळईजवळ जाऊन उभी राहिली. मीच खडूनं व्हरांड्याच्या फरशीवर आकृती काढून बापाला दहा मिनिटं समजावलं. त्यानं अदबीनं ऐकून घेतलं. "तुम्ही म्हणता तं असंनच, मॅडम. पण हे तुम्ही सांगून राह्यले. तिनं कुठं दाखोलं?"

शेवटी मी माइकवर बायकांचे आभार मानले. राबल्या होत्या, आणि माझ्याच सांगण्यावरून राबल्या होत्या.

जूनमध्ये चौथीच्या मुलांचे दाखले तयार केले. तिचा न्यायला कोणी आलं नाही, म्हणून मीच घरी घेऊन गेले, दोनदा. पहिल्या वेळी बाप म्हणाला, पाहू. दुसऱ्या वेळी आईच होती. तिनं चहा केला, दाखला उलटसुलट करून पाहिला आणि परत माझ्या हातात दिला.

"राहू द्या मॅडम तुमच्याजवळच. आमच्या घरी उंदरं कुरतडतीन."