इंटरचा अर्ज

इंटरच्या वर्षी मी थोरल्या बहिणीकडे, आक्काकडे, बेळगावच्या वडगावात राहत होते. स्वातंत्र्याच्या आधीचं ते साल. आप्पा निपाणीत तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. मुलीला मॅट्रिकच्या पुढं शिकवायचं हे त्यांनी एकट्यानं ठरवलं, आणि बेळगावात तिची सख्खी बहीण असताना दुसरीकडं राहण्याची चौकशीही केली नाही.

दाजींच्या घरी दोन हातमाग होते. एकावर दाजी बसत, दुसऱ्यावर त्यांचा भाऊ. मागावर आडवा धावणाऱ्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या आक्का रहाटावर भरायची. मी गेल्यावर महिन्याभरात ते काम माझ्याकडं आलं. कुणी सांगितलं नाही. एक दिवस आक्का उठून चुलीकडं गेली आणि मी रहाटापाशी बसले, एवढंच.

मी एक वेळापत्रक करून दाराच्या मागं चिकटवलं होतं. पहाटे पाच ते सात तर्कशास्त्र, सात ते नऊ कांड्या, मग कॉलेज. वडगावातून पाऊण तास चालावं लागे, त्या वाटेवर संस्कृतची रूपं. संध्याकाळी परत रहाट, आणि रहाट फिरवता फिरवता इतिहासाच्या सनावळ्या. शनिवारचा निबंध शुक्रवारी पुरा व्हायचा. वर्षभरात एकही निबंध उशिरा दिला नाही. आक्कानं तो कागद एकदा उभ्यानं नीट वाचला. म्हणाली, "एवढा येळ तुझा तुलाच व्हय गं?" मला ती थट्टा वाटली.

परीक्षेचे अर्ज आले. त्यावर पालकाची सही हवी होती आणि गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत ते कॉलेजच्या कचेरीत द्यायचे होते. सोमवारीच मी अर्ज दाजींच्या हातात दिला. त्या आठवड्यात घरात दुसरीच घाई होती. एका लग्नघरची लुगडी शुक्रवारी पोचवायची होती आणि दोन्ही माग दिवसभर थांबत नव्हते.

बुधवारी मी आक्काला विचारलं, "दाजींनी सही केली न्हवं?"

"केलीया," ती भाकरी थापता थापता म्हणाली. "उद्या ह्यांना सूत आणाय जायचं हाय. जाता जाता कॉलेजात दिऊन येतील. तू उद्या घरीच ऱ्हा. कांड्या कमी पडाय लागल्यात."

मी राहिले. गुरुवारी दिवसभर कांड्या भरल्या. दाजी बाहेर गेले तेव्हा मी मान वर करून पाहिलं, आणि अर्ज घेतला का हे विचारायचं मनात आलं. पण ते तापट होते. पुन्हा विचारलं तर विश्वास नाही असं दिसेल म्हणून गप्प बसले.

शुक्रवारी कॉलेजच्या फळ्यावर यादी लागली, तिच्यात माझं नाव नव्हतं. कचेरीतले कारकून म्हणाले, "तुमचा अर्जच आला नाही, बाई. बाकीचे आज सकाळीच मुंबईला रवाना झाले." प्राचार्यांनी उभ्याउभ्याच माझं ऐकून घेतलं आणि पुढच्या वर्षी बसा म्हणून सांगितलं.

घरी आले तेव्हा दाजी लुगडी पोचवायला गेले होते. आक्का एकटी होती. मी विचारताच तिनं ट्रंक उघडली आणि घडी केलेला अर्ज काढून माझ्यापुढं ठेवला. दाजींची सही होती. मंगळवारची तारीख होती.

"त्यांनी तुला द्याय म्हणून माझ्याकडं दिलाता," ती म्हणाली. "मी दिला न्हाय."

"इसरलीस?"

"न्हाय." मग खाली बघत म्हणाली, "मला चौथीतनं काढलं, ते तुझा पाळणा हालवाय. तवा मला कुणी इचारलं व्हतं?"

मी दारामागचा कागद काढून चुलीत घातला आणि रहाटापाशी जाऊन बसले. दुसरं कुठं बसायची सवय त्या घरात मला नव्हती.

अर्ज राहिल्याचं कळून आठवड्यानं आप्पा न्यायला आले. आक्कानं त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "तिला अभ्यास झेपंना झाला, आप्पा. लई दमत हुती." मी तिच्याकडं पाहिलं. तिनं नजर वळवली नाही. आप्पा माझ्याकडं वळून म्हणाले, "व्हय?" खरं सांगितलं असतं तर दाजींनी तिला काय केलं असतं ते मला ठाऊक होतं. पण मी तिच्या काळजीनं गप्प राहिले असं म्हणणं खोटं होईल. त्याआधीचे तीन दिवस मी आजारी असल्यासारखी पडून होते आणि बोलायची ताकद उरली नव्हती. मी मान हलवली.

निपाणीत तेच पसरलं. वखारीत, गल्लीत, पुढं सासरीही. त्याच वर्षी माझं लग्न झालं. पुढच्या वर्षी बसायचं ते राहूनच गेलं. आप्पा जाईपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "पोरगी हुशार हुती, पन झेपलं न्हाय तिला." माहेरी आले की मी आतल्या खोलीतून ऐकायची. एकदा आक्काही तिथं बसलेली होती. ती भाजी निवडत राहिली आणि मीही तिच्या शेजारी बसून निवडत राहिले.